दोन वर्षे आणि चार तास

इट्राकोनॅझोल हे बुरशीच्या संसर्गावरचे जुने, भरवशाचे औषध आहे. उदासीन पाण्यात, म्हणजे जे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही अशा पाण्यात, त्याची विद्राव्यता दर मिलिलिटरला सुमारे १ नॅनोग्रॅम एवढीच आहे. हिशेब मांडला तर १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल पूर्ण विरघळायला १ लाख लिटर पाणी लागेल. जठरातल्या आम्लात ते पुष्कळ अधिक विरघळते, तरी तेथेही २५ लिटरच्या आसपास द्रव हवाच. रुग्ण मात्र ती कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर गिळतो आणि त्याच्या पोटात ना २५ लिटर द्रव असतो ना लाखभर. असे असूनही औषध रक्तात पोहोचते, नखाच्या मुळापर्यंत जाते आणि आपले काम करते.

हे शक्य होते ते एका पॉलिमरमुळे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थामुळे. लाकूड किंवा कापूस यांतल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिलसेल्युलोज, थोडक्यात एचपीएमसी, तयार करतात. औषध आणि हे पॉलिमर एकाच सेंद्रिय द्रावकात विरघळवून ते द्रावण साखरेच्या बारीक मण्यांवर फवारले जाते. द्रावक झपाट्याने उडून जातो, औषधाच्या रेणूंना रांगेत बसून स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, आणि ते पॉलिमरच्या लांबलचक साखळ्यांमध्ये होते तसे, विखुरलेले, अडकून राहतात. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत फक्त गोल, फिकट मणी दिसतात. त्यांच्यावरच्या पातळ थरात काय चालले आहे, किंवा काय चालू दिलेले नाही, याचा नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही.

माझे कामाचे आयुष्य अशाच थरांच्या आणि भुकट्यांच्या सहवासात गेले आहे. औषधाचा रेणू शोधणारे संशोधक वेगळे असतात. तो रेणू गोळीत कसा बसवायचा, हे आमच्याकडे येते. या कामात एक गोष्ट मला सुरुवातीपासून आजपर्यंत अस्वस्थ करत आली आहे आणि तिच्याचमुळे या कामाची गोडीही टिकली आहे. पदार्थाचे जे रूप सर्वांत स्थिर, सर्वांत सुव्यवस्थित असते, तेच रुग्णाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत निरुपयोगी असते. ज्या रूपाचा रुग्णाला उपयोग होतो, ते रूप टिकू इच्छित नाही. पॉलिमरकडून आम्हाला हवे असते ते एवढेच, की या टिकू न इच्छिणाऱ्या रूपाला त्याने पुरेसा वेळ मिळवून द्यावा: गोळी पाकिटात असताना साधारण दोन वर्षे, आणि पोटात गेल्यावर साधारण चार तास.

औषध पाण्यात विरघळत नाही याची कारणे मुख्यतः दोन असतात. एक तर त्याच्या स्फटिकात रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाण्याला ते सोडवता येत नाहीत. असे पदार्थ सहसा फार उच्च तापमानाला वितळतात. किंवा मग रेणूची प्रकृतीच स्निग्ध असते आणि त्याला पाण्याची संगत नको असते. कित्येक नव्या औषधांत ही दोन्ही लक्षणे एकत्र नांदतात. १९९० च्या दशकापासून रेणूंची चाळणी यंत्रांच्या साहाय्याने, हजारोंच्या संख्येने होऊ लागली. या चाचण्यांत प्रत्येक रेणू आधी डायमिथिल सल्फॉक्साइड नावाच्या द्रावकात विरघळवून ठेवलेला असतो, आणि त्या द्रावकात जवळपास काहीही विरघळते. पाण्याची परीक्षा तेथे होतच नाही. प्रथिनांच्या स्निग्ध खोबणीत नेमका बसणारा, मोठा, जड रेणू त्या चाळणीतून पहिला येतो, आणि त्याचा पाण्याशी असलेला उभा दावा फार उशिरा कळतो. आज बाजारात असलेल्या तोंडावाटे घेण्याच्या औषधांपैकी सुमारे ४० टक्के औषधे अल्पविद्राव्य आहेत असा अंदाज सर्रास दिला जातो, आणि विकासाच्या वाटेवर असलेल्या रेणूंमध्ये हे प्रमाण याहून बरेच मोठे मानले जाते. विद्राव्यतेचा विचार रेणू निवडतानाच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. पण तसे व्हावे म्हणून कर्करोगाविरुद्ध उत्तम चालणारा एखादा रेणू टाकून द्यावा, असे मी कधीच म्हणणार नाही.

१९९५ मध्ये गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांचे चार वर्ग पाडले. त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते: औषध विरघळते का, आणि विरघळलेले औषध आतड्याच्या अस्तरातून पार जाते का? विरघळण्याची कसोटी त्यांनी २५० मिलिलिटर पाण्याशी बांधली, म्हणजे गोळीबरोबर घेतलेल्या एका पेल्याशी. सर्वांत मोठी मात्रा तेवढ्या द्रवात विरघळली तर औषध विद्राव्य. दुसऱ्या वर्गातली औषधे अस्तरातून सहज पार जातात, फक्त विरघळत नाहीत. त्यांच्या बाबतीत विरघळण्याचा प्रश्न सोडवला की जवळपास सगळेच सुटते, आणि पॉलिमरचा सर्वाधिक उपयोग याच वर्गाला होतो.

विरघळण्याच्या वेगाचे गणित त्याहून जवळपास शंभर वर्षे जुने आहे. आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी यांनी १८९७ मध्ये दाखवले की पदार्थ किती वेगाने विरघळेल हे त्याच्या संपृक्त द्रावणाची तीव्रता आणि भोवतालच्या द्रवातली तीव्रता यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. पुढे त्यात पृष्ठभागाचा विचार जोडला गेला, आणि म्हणून औषध बारीक दळण्याचा मार्ग आला. दळल्याने वेग वाढतो खरा, पण कमाल मर्यादा जवळपास तेथेच राहते. अतिशय बारीक कणांत ती किंचित हलते, एवढेच. रेणूला आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी गट असेल तर त्याचा क्षार करता येतो, आणि तो मार्ग उपलब्ध असेल तर मी आधी तोच निवडीन. ज्या रेणूंना असा गट नाही, त्यांच्यासाठी वाटा थोड्याच उरतात.

त्यांतली एक वाट म्हणजे पाण्याऐवजी दुसरा द्रव शोधणे, आणि तिचा इतिहास काळजाला चरा पाडणारा आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फॅनिलामाइड हे औषध द्रवरूपात हवे, अशी मागणी होती. ते पाण्यात नीट विरघळेना, म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले गेले. औषध विरघळले, चव गोड झाली, रंगही चांगला आला. विषारीपणाची चाचणी मात्र कोणी केली नाही. शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन गेली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, बाजारात येण्यापूर्वी औषधाची सुरक्षितता दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तेथे झाला. त्या प्रसंगाच्या मुळाशी विद्राव्यतेचाच प्रश्न होता, आणि रुग्णाच्या पोटात औषधाबरोबर आणखी काय जाते आहे याची जबाबदारी आमच्या कामावर तेव्हापासून कायमची आहे.

पॉलिमरची वाट उघडली ती सल्फॅनिलामाइडच्याच कुळातल्या दुसऱ्या एका औषधाने. १९६१ मध्ये सेकिगुची आणि ओबी या जपानी संशोधकांनी सल्फाथायाझोल हे औषध युरियाबरोबर वितळवून थंड केले. युरिया पाण्यात चटकन विरघळून जाई आणि औषधाचे अतिसूक्ष्म कण मागे मोकळे होत. युरिया पॉलिमर नाही, पण एका घनात दुसरे विखुरण्याची कल्पना तेथून रुजली. १९६९ मध्ये सिमोनेली, मेहता आणि हिगुची यांनी तेच सल्फाथायाझोल पॉलिव्हिनिलपायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, या पॉलिमरबरोबर एकत्र घन केले. पीव्हीपीचा जन्म १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत वॉल्टर रेप्पे यांच्या संशोधनातून झाला होता आणि दुसऱ्या महायुद्धात ते रक्तद्रवाला पर्याय म्हणून जखमींना शिरेतून दिले गेले होते. सिमोनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या अभ्यासात मांडलेले चित्र मला आजही फार आवडते. पॉलिमरच्या साखळ्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाळ्यासारख्या पसरतात, आणि स्फटिकाला वाढायचे असेल तर त्या जाळ्याच्या छिद्रांतून बारीक बोटांसारखे बाहेर यावे लागते. छिद्र जितके लहान, तितके असे बाहेर येणे महाग. पुढे कितीतरी तपशील बदलले, तरी हे चित्र मूळचे काही चुकले नाही.

स्फटिकाचे जालक, म्हणजे रेणूंची ठरावीक मांडणी, मोडले की औषध अस्फटिकी होते, म्हणजे काचेसारखे: घन, पण आत रचना नसलेले. जालक तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा आपण आधीच खर्च केलेली असते, त्यामुळे पाण्याला ती पुन्हा खर्चावी लागत नाही. विद्राव्यता यातून किती वाढते? इंडोमेथॅसिन या वेदनाशामकासाठी हॅनकॉक आणि पार्क्स यांनी २००० साली सैद्धांतिक अंदाज काढला तो किमान २५ पटींचा होता. प्रत्यक्ष मोजणीत मात्र पाच पटींच्या आतच वाढ मिळाली. कारण अस्फटिकी औषध पाण्यात पडताक्षणी परत स्फटिक होऊ लागते, आणि मोजणारा मोजून होईपर्यंत ते थांबत नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात दोन गाळण्या एकमेकींशी काटकोनात ठेवल्या की दृष्टिक्षेत्र काळेभोर होते. काचपट्टीवर निव्वळ अस्फटिकी औषधाची चिमूटभर पूड असेल तर तीही काळीच राहते, जणू तेथे काही नाही. कडेने पाण्याचा एक थेंब सोडायचा. पाणी पुढे सरकते, कणांच्या कडा मऊ पडतात, आणि मग एखाद्या कणाच्या काठावर एक ठिपका उजळतो. तो वाढत सुई होतो, सुईला फाटे फुटतात, शेजारचे कण पेटल्यासारखे पांढरे, निळसर, पिवळे दिसू लागतात. दिसायला हे अत्यंत सुंदर असते आणि रुग्णाच्या दृष्टीने तेवढेच घातक, कारण उजळलेला प्रत्येक ठिपका म्हणजे आतड्याला न मिळणारे औषध. आता तीच पूड योग्य पॉलिमरसह बनवलेली घ्यायची आणि तसाच थेंब सोडायचा. कण फुगतात, झिजतात, नाहीसे होतात, आणि दृष्टिक्षेत्र काळेच राहते. काहीही न घडणे इतक्या उत्सुकतेने पाहण्याचे प्रसंग फार नसतील.

पाकिटातली दोन वर्षे ही रेणूंच्या हालचालीची गोष्ट आहे. काचेसारख्या पदार्थाला एक संक्रमण तापमान असते; त्याच्या वर गेले की पदार्थ रबरासारखा सैल होतो आणि रेणूंना फिरायला मोकळीक मिळते. इंडोमेथॅसिनचे हे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे तापलेल्या गोदामात ते सहज गाठले जाईल. औषध साठवण्याचे तापमान त्याच्या निदान ५० अंश खाली असावे, असा आमच्याकडे एक ढोबळ ठोकताळा आहे. कोरड्या पीव्हीपीचे संक्रमण तापमान १६० अंशांच्या वर असते. ते मिसळले की मिश्रणाचे तापमान वर सरकते. शिवाय पीव्हीपीचा कार्बोनिल गट औषधाशी हायड्रोजन बंध जोडतो. इंडोमेथॅसिनचे रेणू एरवी जोडीजोडीने हात धरून बसतात. पॉलिमर ती जोडी फोडतो आणि स्वतःचा हात पुढे करतो. जोडी नसेल तर रांग नाही, आणि रांग नसेल तर स्फटिक नाही.

या साऱ्यावर पाणी फिरते ते अक्षरशः पाण्यामुळे. पाण्याचा रेणू लहान आणि चपळ. तो पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये शिरला की त्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि संक्रमण तापमान कोसळते. ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत पीव्हीपी स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाणी ओढून घेऊ शकते. म्हणजे पोटात चटकन भिजावे म्हणून निवडलेले पॉलिमर पाकिटातही भिजण्याची संधी शोधत असते. पाण्यापासून अलिप्त राहणारे पॉलिमर घ्यावे तर दोन वर्षे निर्धास्त जातात, पण पोटात ते औषध सोडतच नाही. पॉलिमर निवडण्याचे सगळे कौशल्य या ओढाताणीत आहे, आणि कोणत्याही एका सूत्रातून ही निवड पूर्णपणे निघते असे मला वाटत नाही.

पोटातले चार तास म्हणजे लहान आतड्यातला प्रवास, जो साधारण तीन ते चार तासांचा असतो. तेथे अस्फटिकी औषध आधी आपल्या संपृक्ततेच्या कितीतरी वर उडी घेते, अतिसंपृक्त द्रावण होते, आणि मग खाली येऊ लागते. या दोन टप्प्यांना आमच्या क्षेत्रात स्प्रिंग आणि पॅराशूट म्हणतात. उडी अस्फटिकी रूपामुळे मिळते. हळूहळू उतरवण्याचे काम द्रावणात विरघळलेले पॉलिमर करते, स्फटिकाच्या पहिल्या केंद्रांना वाढू न देऊन. एचपीएमसीएएस हे एचपीएमसीचेच भावंड या बाबतीत विशेष गुणी ठरले आहे. मुळात ते जठरात न विरघळणारे आवरण म्हणून बनवले गेले. त्याच्या प्रकारानुसार ते साधारण ५.५ ते ६.८ या सामूपासून (पीएचपासून) पुढे विरघळू लागते. आतड्यात त्याचे काही गट विद्युतभारित होतात, काही स्निग्धच राहतात. स्निग्ध भाग औषधाला धरतो आणि भारित भाग पाण्याला, म्हणून औषध अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगत राहते आणि एकत्र येऊन गोळा होत नाही.

येथे एक भेद नीट पाहावा लागतो, आणि तो माहितीपत्रकांतून पुष्कळदा निसटतो. सायक्लोडेक्स्ट्रिनसारखे पदार्थही द्रवातले औषध वाढवतात, पण ते रेणूला स्वतःच्या पोकळीत ठेवून. मोजणीत आकडा वाढलेला दिसतो. अस्तरातून पार जायला मोकळा असलेला रेणू मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कधी कधी घटतोही. अतिसंपृक्त द्रावणात मोकळे रेणूच जास्त असतात, आणि अस्तराला ओळख असते ती मोकळ्या रेणूंचीच. चाचणीच्या भांड्यात ३७ अंशांच्या ९०० मिलिलिटर द्रवात किती औषध उतरले, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास म्हणूनच लवकर बसत नाही.

वेळ हातून निसटली की काय होते, याचा धडा रिटोनॅविरने दिला. एचआयव्हीवरचे हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले, तेव्हा कॅप्सूलमध्ये ते द्रावणाच्या रूपात होते. त्याचा एकच स्फटिक ठाऊक होता. १९९८ मध्ये काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या, कारण आत एक नवा, अधिक स्थिर आणि बराच कमी विद्राव्य स्फटिक अवतरला होता. जेथे तो पोहोचला तेथे जुना स्फटिक पुन्हा मिळवणे कठीण होऊन बसले. कॅप्सूल थांबवाव्या लागल्या आणि ज्यांचे आयुष्य त्या औषधावर अवलंबून होते त्यांना कडवट द्रवावर दिवस काढावे लागले. पुढे लोपिनॅविर हे एचआयव्हीवरचेच दुसरे औषध आणि रिटोनॅविर यांची जोडगोळी कोपोव्हिडोन या पॉलिमरमध्ये वितळवून, पिळून काढण्याच्या तंत्राने बनवण्यात आली आणि २००५ मध्ये मान्य झाली. आधीच्या मऊ कॅप्सूल दिवसाला सहा घ्याव्या लागत आणि शीतकपाटात ठेवाव्या लागत. गोळ्या चार पुरल्या, आणि शीतकपाटाची गरज उरली नाही. जेथे वीज भरवशाची नाही तेथे या एका फरकाचा अर्थ काय होतो, हे सांगताना मला आजही भरून येते.

वेमुराफेनिबची गोष्ट तर त्याहून थेट आहे. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगातल्या एका विशिष्ट उत्परिवर्तनावर हा रेणू अचूक बसतो. पहिल्या मानवी चाचणीत स्फटिकरूप औषधाची मात्रा १६०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवूनही रक्तात ते पुरेसे उतरेना आणि गाठींवर परिणाम दिसेना. औषध सुमारे २७० अंशांना वितळणारे, त्यामुळे पॉलिमरबरोबर वितळवणे शक्य नव्हते. फवारून वाळवता येतील अशा उडून जाणाऱ्या द्रावकांतही ते विरघळत नव्हते. मग औषध आणि एचपीएमसीएएस दोन्ही एका जड द्रावकात विरघळवून ते द्रावण थंड, आम्लधर्मी पाण्यात सोडण्यात आले. दोन्ही एकदम, एकमेकांत गुंतूनच खाली बसले. त्याच रेणूच्या या नव्या रूपाने चाचणीच्या विस्तारित टप्प्यात ३२ पैकी २६ रुग्णांच्या गाठी आकसल्या. हा निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. रेणूत एका अणूचाही बदल झालेला नव्हता.

याची किंमतही आहे, आणि ती रुग्णच मोजतो. वेमुराफेनिबच्या त्या मिश्रणात साधारण तीन भाग औषधाला सात भाग पॉलिमर असते, म्हणून एका वेळी चार मोठ्या गोळ्या, दिवसातून दोनदा. पॉलिमर कमी केले तर औषधाचे रेणू एकमेकांना लवकर सापडतात. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाला अशा गोळ्या कुटून देता येतीलच असे नाही, आणि लहान मुलांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. लोपिनॅविर-रिटोनॅविरचे मुलांसाठीचे द्रव औषध विरघळलेले राहावे म्हणून त्यात ४० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल आणि सुमारे १५ टक्के प्रोपिलिन ग्लायकॉल होते. नवजात बालकांना ते देण्याविरुद्ध पुढे इशारा द्यावा लागला. २०१५ मध्ये त्याच वितळवण्याच्या तंत्राने केलेल्या बारीक दाण्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तात्पुरती मान्यता दिली. ते मऊ अन्नावर भुरभुरून देता येतात, त्यात अल्कोहोल नसते आणि ते शीतकपाटात ठेवावे लागत नाहीत.

दाणे तोंडात रेंगाळले की मात्र कडू लागतात, आणि रिटोनॅविरचा कडवटपणा साधासुधा नाही. मूल ते थुंकून टाकते आणि सारी मेहनत तेथेच संपते. लाळेचा सामू आतड्याच्या सामूजवळच असल्यामुळे आतड्यासाठी निवडलेले पॉलिमर तोंडातही सुटू लागते. येथे उलट स्वभावाचे, तोंडात मिनिटभर टिकणारे आणि जठराच्या आम्लात चटकन विरघळणारे आवरण लागते. अमिनोअल्किल मेथाक्रिलेटच्या जातीची अशी पॉलिमर उपलब्ध आहेत. अडचण अशी की आवरण चढवण्याची सोयीची, सुरक्षित पद्धत पाण्यातून फवारण्याची आहे, आणि आतल्या अस्फटिकी गाभ्याला पाण्यापासूनच दूर ठेवायचे असते. म्हणून फवारा मंद ठेवावा लागतो, हवा कोरडी आणि कोमट, थर पातळ, आणि प्रत्येक थरानंतर काही दाणे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. एकही ठिपका उजळला, तर फवाऱ्याचा वेग आणखी कमी करून तो थर नव्याने चढवावा लागतो.